म्हात्रे मास्तरांचं हेलिकॉप्टर

म्हात्रे मास्तरांना नवी वस्तू बघवत नसे. शाळेत कुणी नवी छत्री आणली, की आम्ही सगळ्याजणी तिची मूठ बघायला धावायचो. मास्तर मात्र ती उघडून, मिटून, उलटी करून परत द्यायचे आणि म्हणायचे, "बरी आहे. दोन पावसाळे जाऊ देत, मग बोलू." एकदा मी संक्रांतीला कोरी साडी नेसून गेले, तर मला म्हणाले, "लेलेबाई, एकदा तरी धुतलीत का हो?" मी तशी फटकळच. म्हटलं, "मास्तर, तुमच्या लग्नात वहिनींना जुनेर नेसवलं होतंत का?" इतके हसले की हातातला खडू मोडला.

ठाण्याच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. ते बाळकुमचे, तिथून रोज सायकलने यायचे. वडील जन्मभर मिठागरावर राबलेले. मास्तर घरातले पहिले शिकलेले. बोलायचे अगदी आमच्यासारखं, पण रागावले किंवा गहिवरले की गावची बोली बाहेर यायची. उंच, काळेसावळे, कानावर पेन्सिल. कुठलाही रंग कालवला की आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचे, त्यामुळे ते नख सोमवारी हिरवं तर गुरुवारी तांबडं. पोरी आधी नख बघायच्या आणि मग वर्गात शिरायच्या.

एकदा तपासणीला साहेब आले. मास्तरांनी टेबलावर तांब्या ठेवून पोरींना तो काढायला सांगितलं होतं, आणि तांब्याला हा एवढा पोचा. साहेब म्हणाले, "शाळेत धड तांब्या नाही का?" मास्तर म्हणाले, "आहे की साहेब, कपाटात चार आहेत. पण धड तांबे सगळे सारखेच. हा आमच्या गणू शिपायाच्या हातून विहिरीच्या काठावर पडलेला. ह्याची गोष्ट आहे." साहेबांनी शेरा काय लिहिला ते ठाऊक नाही, पण जाताना ते गणूला बघून गेले.

राग मात्र वाईट. मुख्याध्यापिकाबाईंनी एका मे महिन्यात चांगल्या हेतूनं त्यांचं वर्गातलं टेबल तासून घेतलं आणि झकास रंगवलं. नऊ वर्षांचे रंगांचे डाग गेले. जूनमध्ये मास्तरांनी टेबल बघितलं, "जल्ला!" एवढंच म्हणाले आणि सबंध सहामाही व्हरांड्यात उभं राहून शिकवलं. बाईंशी बोलणं बंद. दिवाळीत बाईंनी स्वतः त्या टेबलावर शाईची दौत सांडली, तेव्हा कुठे वर्गात पाऊल टाकलं. हे एवढं सांगते, कारण पुढे मी ह्याच रागाला घाबरून आठवडाभर नीट जेवले नव्हते.

आमचं घर डोंबिवलीला. स्टेशनावरून घरी येताना तेव्हा वाटेत भाताची खाचरं लागायची. घरात मी आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ श्रीधर, म्हणजे आमचा शिरू, हवाई दलात वैमानिक. तो साधी विमानं चालवत होता तोवर आईनं देवावर भार टाकला होता. मग त्याला हेलिकॉप्टरवर घेतलं. हा शब्दच तेव्हा नवा होता. शिरूनं पत्रातून फोटो पाठवला आणि आईनं तो खिडकीशी नेऊन बघितला.

"ह्याला पंख कुठायत गं, सुमे?"

"डोक्यावर आहेत, आई. ते फिरतात."

"डोक्यावर? म्हणजे मेल्यांनी छताचा पंखा आणला आणि माझ्या पोराला त्याला टांगला!"

त्या दिवसापासून तिनं भात सोडला. शिरू परत साध्या विमानांवर जात नाही तोवर भाताचं शीत तोंडात घालणार नाही, म्हणाली. कोकणातली बाई, जन्मभर दोन्ही वेळा भात जेवलेली. भाकरी तिला पचायची नाही. तीन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मी भांडले, रडले, काही उपयोग नाही. शेवटी शिरूला कळवलं. त्याचं उत्तर मला एकटीला आलं, शाळेच्या पत्त्यावर. "ताई, हे यंत्र मला जिवापलीकडे आवडतं. जिथे रस्ता नाही तिथे आम्ही उतरतो, माणसं उचलून आणतो. पण आई उपाशी राहणार असेल तर मी बदलीचा अर्ज लिहितो. दिवाळीनंतर रजेवर येतोय, तेव्हा ती म्हणेल तसं करीन."

ते पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचत होते आणि डोळ्यांना पदर लावला होता. समोर मास्तर पेन्सिलीला टोक करत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी जागा बघितलीय का?"

"कसली जागा?"

"पोरगा बसतो ती. आमच्यात पोरगा पहिल्यांदा मिठागरावर गेला, की चार दिवसांनी आई भाकरी घेऊन जाते. भाकरीचं निमित्त. तो कुठे उभा राहतो, कुठे टेकतो, सावली आहे का, ते डोळ्यांनी बघून येते. मग तिला झोप लागते. माझी आई पण गेली होती."

"माझ्या आईला मी हवाई दलाच्या तळावर कशी नेऊ?"

"नका नेऊ. जागाच इकडे आणू," मास्तर म्हणाले आणि फोटो मागून घेतला.

मला वाटलं, चित्र काढतील. आठ दिवसांनी पिशवीतून पांगाऱ्याचं लाकूड निघालं. पांगारा हलका, खेळण्यांना वापरतात तो. दीड हात लांबीचं हेलिकॉप्टर कोरायला घेतलं होतं. बाहेरचं अंग त्यांनी बघता बघता उरकलं. सगळा जीव होता तो वरच्या खोबणीत, वैमानिकाच्या बसण्याच्या जागेत. ती जागा माझ्या तळहाताएवढी. त्यात दोन खुर्च्या, मधल्या मुठी, पुढे तबकड्यांची फळी. फोटो काळापांढरा, मग आतला रंग कोणता? त्यासाठी शिरूला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "कैरीच्या सालीला दोन दिवस ऊन लागलं की होतो तो रंग. बाकी काळं. जास्त विचारू नका, इथे पत्रं वाचतात." मास्तर खूश झाले. एक कैरी आणली (कुठून आणली देव जाणे, पावसाळा चालू होता), दोन दिवस व्हरांड्यात ठेवली आणि मग अंगठ्याचं नख आठवडाभर त्याच रंगाचं.

तबकड्या करताना मी मधल्या सुट्टीत बघत बसायची. आधी पांढरा ठिपका, वाळला की वर काळा, आणि मग सुईच्या टोकानं काळा खरवडून आतला पांढरा काटा बाहेर काढायचा. वर व्हार्निशचा थेंब टाकला की झाली काच. खिडक्यांना फोटोवाल्याकडची टाकाऊ फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन लावली. श्वास रोखून काम करायचे आणि काटा साधला की "हां!" करून सोडायचे. एवढ्या मोठ्या माणसाचा तो "हां" ऐकला की मला उगाच बरं वाटायचं.

सगळं झालं तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, सुरेख! द्या आता."

"छे! आत्ता तर ते कारखान्यातून आलंय. अजून कुणी बसलं कुठे त्यात?"

मग दीड महिना त्यांनी ते जुनं केलं. काजळी तेलात कालवून, टर्पेंटाइननं पातळ करून कोपऱ्याकोपऱ्यांत सोडली. ब्रश जुन्या धोतराला पुसून पुसून कोरडा करायचा, आणि रंग आहे की नाही असा झाला की नुसता कडांवरून फिरवायचा, म्हणजे तिथला रंग उडाल्यासारखा दिसतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड करून बोटानं घासली, की उघडा पडलेला पत्रा. मला विचारायचे, "भाऊ उंच आहे का? डावखुरा आहे का? बसताना कसा बसतो?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मी मोठी बहीण, मी फक्त त्याला बडवलंय."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "नवं करायला फोटो पुरतो. जुनं करायला माणूस ठाऊक लागतो. माझ्या बापाच्या फावड्याचा दांडा मी अंधारात ओळखीन. त्याचा हात जिथे पडायचा तिथे खळगा आहे."

दिवाळीच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी मी ते टोपलीत घालून घरी आणलं. आईनं चष्मा लावला. खिडकीशी नेऊन बराच वेळ आत बघत राहिली. "इथे बसतो?" "हो." "एकटाच?" "शेजारी दुसरा असतो, आई." "हं." बस, एवढंच. रात्री भाकरीच.

सोमवारी शाळेतून आले तर हेलिकॉप्टर पंचावर उन्हात वाळत पडलेलं! घरभर रिठ्याचा वास. वैमानिकाची जागा लखलखीत हिरवीगार, कोपरे स्वच्छ. आई पदराला हात पुसत बाहेर आली, चेहऱ्यावर समाधान. "किती मळ होता गं! फटीफटीत काळं साचलेलं. दिवाळी आली, म्हटलं घालू अंघोळ."

"आई! मास्तर दीड महिना तो मळ लावत होते!"

"मळ लावायला दीड महिना? आपल्याकडे फुकट लागतो."

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी मास्तरांसमोर उभी राहिले तेव्हा मला ते टेबल आठवत होतं. कसंबसं सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल पुरती तासली. मग विचारलं, "कशानं धुतलं म्हणालात?"

"रिठ्यानं."

"रिठा सौम्य असतो. मूळ रंग राहिला असेल." आणि थोड्या वेळानं, "रविवारी येतो घरी."

रविवारपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मास्तर आले, पाय धुतले, ओसरीवर मांडी घालून बसले. हेलिकॉप्टर उजेडाकडे फिरवून बघितलं. आई दाराशी ताठ उभी.

"छान धुतलंत, काकू. महायुद्धात मी विमानांच्या तळावर होतो, तिथे हँगरमध्ये गोऱ्यांचे नोकर इतकं स्वच्छ धूत नसत."

"मग? घाणीत बसणार का माझा मुलगा?"

"बसतोच तो घाणीत. बुटाला चिखल, हाताला तेल." त्यांनी पिशवीतून काजळीची डबी, शिशाची पूड, ब्रश, धोतराचा तुकडा असं सगळं मांडलं. "काकू, चूक माझी आहे. मी अंदाजानं केलं होतं. त्या पोराला मी ओळखत नाही. तुम्ही ओळखता. मला सांगा, घरात शिरताना तो हात कुठे ठेवतो?"

"डावीकडे, चौकटीला," आई पटकन म्हणाली. "लहानपणापासूनची खोड. बघा ना, तिथला रंग गेलाय."

आम्ही तिघांनी वळून बघितलं. चौकटीवर खांद्याच्या उंचीला काळपट, गुळगुळीत डाग होता. इतकी वर्षं मी त्याच दारातून ये-जा केली आणि तो मला कधी दिसला नव्हता!

"मग इथे लावा," मास्तरांनी खोबणीच्या काठावर बोट ठेवलं.

"मी?"

"तुम्हीच. अंगठा बुडवा पुडीत."

आई बसली. अंगठा बुडवला आणि त्या इवल्याशा काठावर टेकवला. मग तिला सुचतच गेलं. जेवताना पाटावर बसला तरी उजवी टाच घासतो. विचारात पडला की बोटं वाजवतो. पाठ कधी टेकत नाही, कितीदा ओरडले. मास्तर एकेक जागा दाखवत होते, ब्रश कोरडा कसा करायचा ते शिकवत होते, आणि माझी आई नाकावर चष्मा सरकवून त्या तळहाताएवढ्या जागेत शिरूला बसवत होती.

मध्येच मास्तर बोलायला लागले. "लढाईत मी कल्याणच्या पुढे, नेवाळीच्या तळावर रंगारी होतो. दुरुस्तीला आलेल्या विमानांना आतून रंग लावायचो. झिजलेल्या कडा बघितल्या की बरं वाटायचं मला. म्हणायचो, हा इतक्यांदा चढला, इतक्यांदा उतरला. झीज उतरल्याशिवाय होत नाही, काकू."

आईचा हात थांबला. "आणि जी आलीच नाहीत?"

मास्तर खोटं बोलतील असं वाटलं, आणि बोलावं असंही वाटलं.

"त्यांना रंग लावायची पाळीच आली नाय," मास्तर म्हणाले. "एक गोरा पोरगा होता. खिडकीखाली आईचं नाव लिहून घेतलं माझ्याकडून. एडना. तीनदा ते विमान दुरुस्तीला आलं, तीनदा मी नाव उजळलं. चवथ्यांदा नाय आलं."

मग आईनं विचारलं, "तिला कुणी दाखवली होती का हो? पोराची जागा?"

"नाय, काकू."

आईनं डोळे पुसले. गालावर शिशाचा काळा पट्टा उमटला. तिनं अंगठा पुन्हा पुडीत बुडवला आणि काम सुरू केलं. जाताना मास्तरांना म्हणाली, "खोटं बोलला असतात तर परत उंबऱ्यात उभं केलं नसतं."

शिरू आला. पेटी ठेवायच्या आत त्यानं हेलिकॉप्टर उचललं, खिडकीतून आत बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे मास्तर आमच्या तळावर कधी येऊन गेले?"

"का रे?"

"ह्या काठाचा रंग खरंच उडालाय. माझ्याच हातानं. साहेब मला ओरडतात त्यावरून."

आई स्वयंपाकघरात गेली. आठ दिवस तिनं तो विषय काढला नाही आणि भातही खाल्ला नाही. रजेचा शेवटचा दिवस उजाडला. शिरूनं खिशातून कागद काढला. "आई, अर्ज लिहून आणलाय. तू सांग, जाऊन देतो." त्याचा आवाज साधा होता, पण मी त्याची बहीण आहे, मला त्याचा चेहरा कळत होता.

"आधी जेवायला बस," आई म्हणाली. तिनं तीन पानं मांडली. तिन्ही पानांवर वाफाळता भात वाढला. स्वतः बसली, वरण ओतलं, पहिला घास तोंडात घातला. तो काही केल्या उतरेना. पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला आणि दुसरा घेतला. आम्ही दोघं नुसते बघत होतो.

"बघताय काय? जेवा. आणि शिऱ्या, तो कागद चुलीत घाल. पाणी तरी तापेल."

मी भरल्या ताटावर रडले. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मास्तरांना सोमवारी हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "भात कोणता होता?"

"आंबेमोहोर."

"मग बरोबर," म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

पुढे आईनं स्वतःच एक रीत पाडली. शिरूचं खुशालीचं पत्र आलं, की येत्या रविवारी मास्तरांना बोलवायचं, आणि त्या काठावर, त्या टाचेखाली, जरा जरा झीज वाढवायची. दोघं ओसरीवर बसत, मी चहा करी. दीड-दोन वर्षं असं चाललं. मग एका श्रावणात पत्रं थांबली. उत्तरेत कुठे मोठा पूर आला होता, आणि शिरूची तुकडी तिकडे गेली एवढंच कळलं. एक आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. आई हेलिकॉप्टरकडे बघायचीसुद्धा नाही. मास्तर मात्र दर रविवारी यायचे. धीराचं एक अक्षर बोलायचे नाहीत. ओसरीवर बसायचे, पोरींच्या वह्या तपासायचे आणि संध्याकाळी उठून जायचे. चौथ्या रविवारी आईनं विचारलं, "त्या एडनाच्या मुलाची तुम्ही किती दिवस वाट बघितलीत?"

"अजून बघतो, काकू."

आई म्हणाली, "मग मला वाट बघायला काय झालंय," आणि भात टाकायला उठली. भात सोडायचं नाव तिनं काढलं नाही.

सहाव्या आठवड्यात, शुक्रवारी, पत्र आलं. शिरू सुखरूप होता. पुराच्या पाण्यातून माणसं काढताना लिहायला सवड झाली नव्हती. दिवाळीनंतर लगेच माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले, आणि मास्तर मला पुन्हा दिसले नाहीत. मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते त्या पत्रानंतरच्या रविवारी. ओसरीवर ऊन आलं होतं. मास्तरांनी हेलिकॉप्टर दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं, आणि आई हसत, रडत, अंगठा पुडीत पुन्हा पुन्हा बुडवून तो काठ घासत सुटली होती. थांबायलाच तयार नव्हती. मास्तरांनी हेलिकॉप्टर अलगद मागे घेतलं.

"हळू, काकू, हळू. एका खेपेला एवढंच झिजतं. पुढच्या खेपांना जागा ठेवा."